भारासाठी राखलेली उंची

पिकअप रिकामी असली की मागून उंच दिसते. बोनेट खाली, हौदा वर, जणू गाडी सदोदित उतारावरच उभी आहे. कंपनीने ती तशीच बनवलेली असते, पण विशी-पंचविशीतल्या मालकाच्या डोळ्यांना नेमकं तेच खुपतं. गोव्यात हरमलहून पालयेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात ही मागणी अधूनमधून येते. "पात्रांव, एक पाटो काड. मागल्यान मातशी उंच दिसता." मेस्त्री गाडीखाली वाकतो, टॉर्च मारतो, पाटे मोजतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो दिसण्याचा नसतोच. "काडटां. पूण चिरे घालपाचे नात मरे?"

चिरे म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, आणि या एका प्रश्नात सगळा विषय येतो. मागची उंची ही शोभेची नाही. ती उद्या पडणाऱ्या भारासाठी आज राखून ठेवलेली जागा आहे. पाटा काढणारा त्यातली जागा आधीच खर्च करून टाकतो.

मागणी करणारे सगळेच हौशी असतात असं मात्र नाही. हरमलच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, होड्या लागतात, आणि बर्फासह भरलेले मासळीचे क्रेट वाळूच्या कडेपर्यंत आलेल्या पिकअपमध्ये हातांनी चढवावे लागतात. भरलेला क्रेट दोघांनी धरून हौद्याच्या काठावर टेकवायचा, मग ढकलायचा. पहाटेच्या वेळी असे तीस-चाळीस क्रेट चढवणाऱ्याची कंबर फाळक्याची उंची नेमकी ओळखते. 'गाडी मागून चार बोटं खाली असती तर' हे त्याच्या तोंडून निघतं त्यात फॅशन नसते. शॅकवाल्यांचंही तेच. मे अखेर हंगाम संपला की लाकडी फळ्या, बांबू, खाटा, फ्रीज सगळं किनाऱ्यावरून उचलून कुठेतरी कोरड्यात नेऊन ठेवायचं आणि पावसाळा सरला की परत आणायचं. दोन्ही वेळा पिकअपच. आणि दिवाळीच्या आदल्या रात्री पिकअपवरून निघणारा नरकासुराचा पुतळा. सांगाडा उभा केला की तो वाटेतल्या विजेच्या तारांना भिडतो. मग बांबूने तारा वर उचलणारी पोरं पुढे चालतात आणि कुणीतरी म्हणतंच, गाडी थोडी खाली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे गरज खरी आहे. उपाय चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे बघायला गाडीखाली जावं लागतं.

बहुतेक पिकअपना मागे पाट्यांची कमान असते. सर्वांत वरचा लांब पाटा म्हणजे मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चॅसीला थेट पिनेने अडकतो, मागचा शॅकलला. कारण कमान दबली की ती लांब होते आणि त्या लांबीला सरकायला जागा लागते. मेन पाट्याखाली एकाहून एक आखूड पाटे, मॉडेलप्रमाणे पाच, सात, नऊ. सगळे मधोमध एका सेंटर बोल्टने शिवलेले आणि दोन यू-बोल्टनी ॲक्सलच्या हाउसिंगवर करकचून बांधलेले. पुढे कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असलेल्या पिकअपातही मागे मात्र पाटेच राहतात, ते उगाच नाही. पाटा एकाच वेळी स्प्रिंगही असतो आणि ॲक्सलला जागेवर धरून ठेवणारा हातही. वेगळे आर्म, वेगळे बुश लागत नाहीत. घोडागाडीच्या जमान्यात, १८०४ साली लंडनच्या ओबडाया एलियटने लंबवर्तुळाकार पाट्यांचं पेटंट घेतलं. त्या पाट्यांचे चुलते-पुतणे आजही हरमलच्या वाळूत उभे आहेत.

पाटा काढण्याचं काम बघण्यासारखं असतं. आधी चॅसीखाली घोडे लावून मागची चाकं लोंबती ठेवतात, म्हणजे पाट्यांवरचा भार उतरतो. यू-बोल्टच्या नटांवर डिझेल किंवा गंजतेल मारून थांबावं लागतं, कारण किनाऱ्यावरच्या गाडीचा नट पहिल्या झटक्यात कधी सुटत नाही. मग लांब पाइप घातलेला पाना आणि अंगाचं वजन. पाट्यांचा जुडगा खाली आला की खरं जोखमीचं काम सुरू होतं. सेंटर बोल्ट सोडण्याआधी जुडगा बाकात घट्ट आवळावा लागतो. प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा जास्त वाकवलेला असतो. बोल्टने एकत्र ओढले की ते एकमेकांवर दाबून बसतात आणि मेन पाट्याला भार पडण्याआधीच उलट्या दिशेने थोडा ताण देऊन ठेवतात. बाक न लावता नट काढला तर जुडगा उसळतो आणि पाटे पोटरीवर येतात.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पाटे सुटे सुटे नाहीत. मधला एक काढला की उरलेल्यांचं एकमेकांवर बसणं बदलतं आणि मेन पाट्याला मिळणारा आधार कमी होतो. मेन पाटा तुटला तर ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. म्हणून शहाणा मेस्त्री काढायचाच झाला तर खालचा आखूड पाटा काढतो, मेन किंवा त्याच्या लगेच खालचा कधीच नाही.

आता हिशेब. समजा सात सारख्या जाडीचे पाटे आहेत, प्रत्येकी ९ मिलिमीटर. रिकाम्या गाडीच्या वजनाने कमान ४० मिलिमीटर दबते आणि पूर्ण भाराने आणखी ९०, म्हणजे एकूण १३०. एक पाटा काढला की जुडग्याचा कडकपणा सातव्या हिश्श्याने घटतो. तेवढ्याच वजनाने कमान आता सात षष्ठांश पट दबेल. रिकामी गाडी ४० ऐवजी ४७ मिलिमीटर दबली, म्हणजे ७ मिलिमीटर खाली आली, आणि जुडग्याची जाडी ९ मिलिमीटरने घटली ती वेगळी. एकूण १६. मालक लांब उभा राहून बघतो आणि नाराज होतो, एवढंच? पण भरलेली गाडी १३० ऐवजी १५२ दबते. २२ आणि ९ मिळून ३१ मिलिमीटर. रिकामी असताना दिसली त्याच्या जवळजवळ दुप्पट. ॲक्सल आणि चॅसीमध्ये जे रबराचं स्टॉपर असतं, त्याला समजा पूर्ण भारात ३५ मिलिमीटर जागा शिल्लक होती, तर आता ४ उरली. पहिल्याच गतिरोधकावर चॅसी रबरावर आपटणार. आणि गावातले गतिरोधक इंडियन रोड्स काँग्रेसच्या १० सेंटिमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदीच्या मापाने घातलेले असतील अशी अपेक्षा कुणी करू नये.

मालक नाराज झाला की दुसरा पाटा काढा म्हणतो. गोष्ट खरी बिघडते ती इथे.

परदेशात गाडी खाली घेणारे पाटे काढत बसत नाहीत. ते ॲक्सलच पाट्यांच्या खालून काढून वर घेतात. जुडग्याची जाडी आणि हाउसिंगचा व्यास मिळून गाडी एका झटक्यात दहा-पंधरा सेंटिमीटर खाली येते. मग चॅसी ॲक्सलवर आपटू नये म्हणून चॅसीच अर्धवर्तुळाकार कापून वरून मजबुती देतात, शॉकअप आखूड घालतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन पुन्हा जुळवतात, नाहीतर युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस महिन्याभरात वाजायला लागतो. हे सगळं नीट केलं तरी जी गाडी हाती येते ती प्रदर्शनाची. तिच्यात साठ चिरे घालता येत नाहीत.

उंचीबरोबर आणखी एक गोष्ट हलते आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. अनेक पिकअप आणि छोट्या ट्रकांत मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत बोटाएवढ्या जाडीची दांडी गेलेली असते. कंपनीच्या पुस्तकात त्याचं नाव एलएसपीव्ही, मेस्त्री म्हणतो लोड व्हॉल्व्ह. गाडीत माल किती आहे हे त्याला कळत नाही. त्याला फक्त ॲक्सल आणि चॅसीमधलं अंतर कळतं. अंतर कमी झालं की तो समजतो माल भरलाय, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. अंतर जास्त असेल तर तो दाब आखडता घेतो, कारण रिकाम्या गाडीचे मागचे ब्रेक जोरात लागले तर मागची चाकं जाम होतात आणि शेपटी घसरते.

पाटे काढून गाडी खाली आणली की हा व्हॉल्व्ह फसतो. गाडी रिकामी, पण त्याच्या हिशेबी भरलेली. पेडण्याच्या पावसात, लाल मातीचा चिखल डांबरावर आलेला असताना, वळणावर ब्रेक दाबला की मागची चाकं आधी अडकतात. चालक म्हणतो, "गाडी फिरली." ती का फिरली याचं उत्तर त्या दांडीत असतं. काही गाड्यांत ती दांडी तारेने बांधून टाकलेलीही दिसते, खडखड वाजते म्हणून. दांडीची लांबी पुन्हा जुळवता येते. कंपनीने त्याचं माप दिलेलं असतं. पण पाटा काढणाऱ्या किती गॅरेजांत ते माप लावलं जातं, हा प्रश्न विचारला की मेस्त्री हसून चहा मागवतो.

हेडलाइटचंही असंच. मागून गाडी ३ सेंटिमीटर बसली आणि व्हीलबेस ३ मीटर असला, तर उजेडाची रेघ ५० मीटरवर अर्धा मीटर वर जाते. समोरून स्कूटर घेऊन येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांत. मांद्रे ते हरमल रस्ता रात्री भाड्याच्या दुचाक्यांनी भरलेला असतो, त्यातले निम्मे चालक रस्त्याला नवखे. खाली घेतलेल्या पिकअपचा मालक आपल्याला उजेड लांब पडतो म्हणून खूश असतो.

केरी-तेरेखोल फेरीचा धक्का ही तर या गाड्यांची परीक्षाच. भरती-ओहोटीप्रमाणे फेरीबोटीची फळी कधी सपाट, कधी चढ. चढताना पुढची चाकं फळीवर आणि मागची उतारावर असतात तेव्हा सगळा भार मागे येतो, पाटे आणखी दबतात, आणि मागचा बंपर किंवा खाली टांगलेली स्टेपनी काँक्रीटला घासते. तिथल्या खलाशांना आवाजावरूनच गाडी कळते.

हे सगळं सांगूनही मला कबूल केलं पाहिजे की पेडणे आणि डिचोलीत खाली घेणाऱ्यांपेक्षा वर चढवणारे कितीतरी जास्त आहेत. पाटा काढण्याचं एक काम आलं तर पाटा वाढवण्याची दहा येतात. कारण चिरा. जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलोंचा धरला, तर साठ चिऱ्यांत दीड ते १.८ टन होतात आणि बहुतेक पिकअपची मर्यादा तिथेच संपते. बोलेरो पिकअपच्या वेगवेगळ्या आवृत्त्या १.३ टनापासून २ टनांपर्यंत भार घेतात. पावसात भिजलेला चिरा आणखी जड, आणि तो मोजणारा माणूस वजन धरत नाही, संख्या धरतो. 'शंभर टाक' म्हणाला की शंभर. मोपाच्या पठारावर विमानतळाचं काम चाललं तेव्हा, आणि ११ डिसेंबर २०२२ ला त्याचं उद्घाटन होऊन आजूबाजूला बांधकामं वाढली तेव्हा, पेडण्यातल्या पिकअपच्या पाट्यांनी जे सोसलं ते त्यांनाच ठाऊक.

डिचोलीची गोष्ट याहून मोठी. खनिजाच्या टिपरांनी पाटे वाढवण्याची विद्या तिथेच शिकवली. खाणीतून पिळगावच्या सारमानस जेटीपर्यंत माल नेऊन बार्जमध्ये ओतायचा आणि परत फिरायचं. खेपांवर पैसे, म्हणून खेपेत जितकं मावेल तितकं. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे सुरू होऊन फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ८८ लीजची नूतनीकरणं रद्द झाली आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. त्या वर्षांत मये, शिरगाव, मुळगावच्या अंगणांत उभे राहिलेले टिपर मागून उंचच उंच दिसत. रिकामे, आणि वाढवलेल्या पाट्यांवर. पाटा वाढवण्याचा तोटाही तोच, फक्त उलटा. गाडी भरली तरी बसत नाही, लोड व्हॉल्व्ह समजतो रिकामी आहे, आणि बारा टनांवर मागचे ब्रेक अर्धेच लागतात. केंद्राने जुलै २०१८ मध्ये दोन ॲक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. कायदा वाढला, पण जुन्या गाडीचे ब्रेक वाढले नाहीत.

खाऱ्या वाऱ्याचा हिशेब वेगळा. हरमलची पिकअप बारा महिने समुद्राच्या वासात उभी. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट मागच्या पाट्यांवर ठिबकतं. दोन पाट्यांच्या मध्ये ते अडकून राहतं. पाट्याची वरची बाजू, म्हणजे डोळ्यांकडची आतली बाक, भार पडताना ताणली जाते. गंजाने पडलेला टाचणीएवढा खड्डाही तिथे चीर धरतो. म्हणून कमान तुटते ती अनेकदा अशा खड्ड्यापाशी किंवा सेंटर बोल्टच्या भोकापाशी. पावसाळ्याआधी जळकं ऑइल फासण्याची इथली पद्धत गंजाला चांगली, रबरी बुशांना वाईट. आणि एक गोष्ट सगळे मेस्त्री एकमुखाने सांगतात: पाट्यावर वेल्डिंग कधी करू नये. करणारे मात्र आहेतच.

खाली घेण्याची हौस जगात जिथे मुळापासून फुलली त्या कॅलिफोर्नियात तिचा भाराशी संबंध नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या गाड्या डिकीत वाळूची पोती टाकून, स्प्रिंग कापून खाली आणल्या आणि मंद गतीने मिरवल्या. १९५८ पासून कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. त्यावर रॉन अगिरे या तरुणाने १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, तो गेला की खाली. ती बंदी जवळजवळ साडेसहा दशकं राहिली, १ जानेवारी २०२४ पासून उठली. त्या गाड्यांचं मला कौतुक आहे. पण त्या मिरवण्यासाठीच होत्या, आणि मिरवणाऱ्यांना ते माहीत होतं. आपल्याकडे रविवारी मिरवणारी गाडी सोमवारी चिरे वाहते.

आपला कायदा या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी ठसवलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. जादा भाराला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. पण तिथे पाटे कुणी मोजत नाही. लाइट, हॉर्न, ब्रेक, पट्ट्या बघतात आणि सही होते. पाटा एक कमी की जास्त हे बघायला खाली वाकावं लागतं.

मग क्रेट चढवणाऱ्याने करायचं काय? त्याच्यासाठी कमी उंचीच्या हौद्याची गाडी आहेच. टाटाने मे २००५ मध्ये एस आणली ती नेमकी याच विचाराने, पुण्यात गिरीश वाघ यांच्या चमूने घडवलेली, लहान चाकांची, हौदा जमिनीला जवळ. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं आणि ती तीनचाकी टेम्पोंच्या जागी जाऊन बसली. तिच्यात पाऊण टन मावतो, हे मात्र पाळायचं. मोठी पिकअपच हवी असेल तर फाळक्याला घडीची पायरी, किंवा दोन फळ्यांचा उतार. वाळूत तर सोपी युक्ती आहे: मागची चाकं लागतील तिथे घमेल्याने वाळू काढून वीतभर खड्डा करायचा आणि गाडी त्यात उभी करायची. रापणकार ते करतातही. फक्त निघताना पुढे फळी टाकावी लागते.

आणि पाटे खरोखर बसले असतील, गाडी एका कुशीवर कलली असेल, तर दोन्ही बाजूंचे जुडगे एकदम बदलावेत. सपाट जागी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला तर उजवं-डावं लगेच कळतं. यू-बोल्ट जुने वापरू नयेत, एकदा ताणलेले पुन्हा तसे धरत नाहीत. आणि पाचशे किलोमीटरनंतर ते परत आवळून घ्यावेत. हे शेवटचं सांगितलेलं निम्मी गिऱ्हाइकं विसरतात. विसरलेल्यांचा सेंटर बोल्ट तुटतो.

काढलेला पाटा जपून ठेवायचा, असं पालयेच्या त्या मेस्त्रीने पोराला बजावलं होतं. पोराने तो गॅरेजच्या मागे टाकला. आठ दिवसांत लोहार आला. पिकअपच्या पाट्याच्या पोलादाइतका चांगला कोयता दुसऱ्या कशाचा होत नाही, आणि नारळ-सुपारीच्या या पट्ट्यात कोयत्याला गिऱ्हाईक कायम. चिऱ्यांचं काम मिळाल्यावर मालक पाटा परत घालायला आला तेव्हा त्याच्यापुढे दोनच पर्याय होते: म्हापशाहून नवा पाटा आणायचा, तोही दोन्ही बाजूंना जोडीने, किंवा चिऱ्यांचं काम दुसऱ्याला द्यायचं. त्याने नवे पाटे आणले. मेस्त्रीने या वेळी जुडगे बांधल्यावर लोड व्हॉल्व्हची दांडीही माप लावून जुळवली आणि तिचे वेगळे पैसे घेतले.